शहराची ऊब मोजताना

भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायची आणि कान देऊन ऐकायचं. कलिंगड वाजवून बघतात तसा पोकळ आवाज आला, तर गिलाव्याखाली थर्माकोलचा थर आहे. नुसती बोटं दुखली आणि आवाज भिंतीतच जिरला, तर आत दगड नाहीतर वीट. 2022 च्या नोव्हेंबरात दक्षिण जर्मनीतल्या एका गावात मी अशा भिंती वाजवत फिरत होते. हातात टॅब्लेट, त्यावर गावाचा त्रिमितीय नकाशा, आणि कुणी हटकलं तर दाखवायला नगरपालिकेचं पत्र.

गाव स्टुटगार्टपासून रेल्वेने अर्ध्या तासावरचं, पंचवीसेक हजार वस्तीचं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने 2020 साली कायदा करून आपल्या 104 मोठ्या नगरांना बंधन घातलं होतं, की 2023 संपायच्या आत उष्णतेचा आराखडा तयार करा. घरं गरम ठेवायला आज किती ऊर्जा लागते, तेल आणि गॅस सोडल्यावर ती कुठून आणायची, कुठल्या रस्त्याखालून गरम पाण्याचे सामाईक पाइप टाकायचे आणि कुठे घरोघर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर आत ओढणारी यंत्रं, बसवायची, हे सगळं त्यात आलं. मी ज्या कचेरीत नोकरी करत होते तिच्याकडे या गावाचं काम आलं आणि त्यातला पहिला भाग, म्हणजे एकूणएक इमारतीची उष्णतेची गरज काढणं, माझ्या वाट्याला आला. 2022 सालीच युक्रेनचं युद्ध पेटलं होतं. ऑगस्टअखेर रशियाहून समुद्राखालून येणारा गॅस थांबला होता आणि सरकारी कचेऱ्यांत 19 अंशांच्या वर खोल्या तापवायच्या नाहीत असा नियम निघाला होता. एरवी आराखडा म्हटलं की लोक जांभया देतात; त्या हिवाळ्यात रस्त्यावर थांबवून विचारत होते.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगते. महावितरणच्या बिलावर जे युनिट असतं, तेच इथलं किलोवॉट-तास. सोलापूरला आमच्या घरी पंखे, फ्रिज, टीव्ही धरून महिन्याला दीडशे युनिट पडायचे. इथलं 1950 च्या दशकातलं, काहीही दुरुस्ती न केलेलं घर दर चौरस मीटरला वर्षाकाठी दोनशेच्या आसपास युनिट खातं. सव्वाशे चौरस मीटरचं घर धरलं तर पंचवीस हजार युनिट, आणि तेही नुसत्या उबेसाठी.

मला सुरुवातीला सगळ्यात जड गेली ती जाड भिंत. आजोळी मंगळवेढ्याला धाब्याचं घर होतं, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती. मे महिन्यात भर दुपारी आत गेलं की डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवल्यासारखं वाटायचं. त्यामुळे जाड भिंत म्हणजे चांगली भिंत, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण ती भिंत ऊन अडवत नव्हती. ती दुपारचं ऊन पोटात घेऊन रात्रीवर ढकलत होती, आणि रात्र गार असल्याने ते निभावत होतं. जिथे दिवसही थंड, रात्रही थंड, आणि असे सहा महिने, तिथे भिंतीने कशाची वाट बघायची? आतली उष्णता सावकाश बाहेर जाते आणि जातच राहते. साठ सेंटीमीटर जाडीच्या वालुकाश्माच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता निसटण्याचा दर, दोनच्या आसपास असतो. वीटभिंतीवर सोळा सेंटीमीटर थर्माकोल चिकटवला की तोच आकडा 0.2 वर येतो.

यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट निसटतात तो आकडा. आत 20 अंश, बाहेर शून्य आणि शंभर चौरस मीटर भिंत असेल, तर यू-व्हॅल्यू 1.4 असताना 2800 वॉट बाहेर जातात. एक मोठा गीझर अखंड चालू ठेवल्यासारखंच झालं. 0.2 असेल तर 400 वॉट. मग छप्पर, खिडक्या, जमीन यांचा असाच हिशेब. फटींतून आणि उघड्या खिडक्यांतून बदलणारी हवा त्यात मिळवायची. काचेतून येणारं ऊन, माणसांच्या अंगाची आणि उपकरणांची ऊब वजा करायची. महिन्यामहिन्याचा ताळेबंद मांडून वर्षाची बेरीज घ्यायची. एका घराचं गणित दहावीच्या मुलाला जमेल. अवघड असतं ते हजारो घरांबद्दल एवढी माहिती मिळवणं.

आकार मिळतो. राज्याच्या भूमापन खात्याकडे प्रत्येक इमारतीचा डिजिटल साचा असतो: जमिनीवरचा नकाशा, विमानातून लेझरने मोजलेली उंची, छपराचा उतार. त्यातून भिंतींचं आणि छपराचं क्षेत्रफळ काढता येतं. त्या साच्याला हे मात्र कळत नाही, की समोरची इमारत राहतं घर आहे, गवताचं कोठार आहे की गॅरेज. पहिल्या फेरीत माझ्या मॉडेलने, म्हणजे हा सगळा हिशेब करणाऱ्या संगणकातल्या गणिताने, चर्चचा मनोरा टोकापर्यंत 20 अंशांवर तापवून ठेवला होता.

यू-व्हॅल्यू मात्र कुठल्याच खात्याकडे नसतो. तो घराच्या वयावरून ठरवावा लागतो. डार्मश्टाट इथल्या एका संस्थेच्या पुढाकाराने 2009 ते 2012 मध्ये टॅब्युला नावाचा प्रकल्प झाला. त्यात युरोपातल्या देशांच्या घरांची वर्गवारी आहे: सुटं घर, रांगेतलं घर, लहान आणि मोठी सदनिकांची इमारत, आणि प्रत्येकीचे कालखंड. जर्मनीसाठी 1919 ते 48, 1949 ते 57, 1958 ते 68, 1969 ते 78, असे. हे कालखंड उगाच पाडलेले नाहीत. युद्धानंतर साहित्य नव्हतं म्हणून भिंती बारीक झाल्या, आणि 1977 च्या नोव्हेंबरात उष्णता राखण्याचा पहिला नियम लागू झाला म्हणून त्यापुढची घरं सुधारली. घराच्या वयात इतिहासाचा एवढा भाग असतो.

पण वय तरी कुठे नोंदलेलं असतं? नगरपालिकेच्या तळघरात बांधकामाच्या जुन्या फायली होत्या, निम्म्या जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात. ते वाचायला तिथले निवृत्त अभिलेखपाल दोन दुपारी माझ्यासाठी आले. उरलेल्या घरांसाठी 1968 सालची हवाई छायाचित्रं उपयोगी पडली. राज्याने त्या वर्षी सगळा प्रदेश विमानातून टिपला होता. छायाचित्रात छप्पर दिसतंय म्हणजे घर त्याआधीचं, शेत दिसतंय म्हणजे नंतरचं. अशी एकेक आळी चाळणीतून काढली.

आणि नंतर झालेल्या दुरुस्त्या कळाव्यात म्हणून ती भिंतींवरची टकटक. त्यात मी खूप शिकले. दुहेरी काचेच्या मध्ये जी ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर बऱ्याचदा काच बनवल्याचं साल छापलेलं असतं. खिडकी उघडून तिरकं बघायचं. अंधारात काचेपुढे लायटर धरला की चार ज्योती दिसतात. त्यातली एक वेगळ्या रंगाची असेल तर काचेवर उष्णता परतवणारा लेप आहे. आणि पहिला बर्फ पडला की सकाळी आठच्या आत गावाशेजारच्या द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर चढायचं. ज्या छपरावर बर्फ टिकलाय तिथे माळ्याला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर आहे, जे ओलं काळं झालंय तिथून ऊब वर चालली आहे. त्या एका सकाळी मी दीडशेच्या वर छपरं टिपून घेतली. कुठल्याही सॉफ्टवेअरने मला तेवढं एका दिवसात दिलं नव्हतं.

डिसेंबरात पहिला पूर्ण नकाशा तयार झाला, आणि गॅस पुरवणाऱ्यांकडून कायद्याने मिळालेल्या खपाच्या आकड्यांशी तो ताडून बघितला. काहीच जुळेना. जुन्या गावठाणात माझा आकडा प्रत्यक्षाच्या दुपटीला टेकलेला.

पहिली चूक भिंतींची निघाली. गावठाणातली लाकडी चौकटींची घरं पुण्या-साताऱ्यातल्या पेठांतल्या वाड्यांसारखी, भिंतीला भिंत लागून. पण साच्यात शेजारशेजारच्या दोन घरांमध्ये चार-पाच सेंटीमीटरची फट राहिली होती. मॉडेलने त्या फटीला उघडी हवा मानलं आणि दोन्ही घरांच्या सामाईक भिंतींतून उष्णता बाहेर काढली. ती फट बुजवणारा चार ओळींचा कोड लिहिला, तेव्हा अख्खं गावठाण एका रात्रीत निवलं.

दुसरी चूक मी केली होती, आणि तिच्यापायी दोन आठवडे गेले. गॅसच्या बिलातली ऊर्जा मोजताना जळून झालेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं तेव्हाची उष्णताही धरतात. माझ्या गणितात ती धरलेली नव्हती. नैसर्गिक वायूच्या बाबतीत या दोन पद्धतींत अकरा टक्क्यांचा फरक पडतो. बिलाचे आकडे त्या हिशेबाने उतरवायचे मी विसरले होते, आणि ते दुरुस्त केल्यावर तफावत उलट वाढली.

तिसरी गोष्ट गावच्या धुराडी साफ करणाऱ्याने दाखवली. जर्मनीत धुराडी तपासणारा हा माणूस म्हणजे घरोघरच्या चुलींचा तलाठी. कुठल्या घरात कसला बॉयलर, किती जुना, कुठे लाकडाची शेगडी, हे सगळं त्याच्या वहीत असतं. तो मला म्हणाला, "तुम्ही गॅसचं बिल बघता, पण या उतारावरच्या निम्म्या घरांत संध्याकाळी लाकूड जळतं. लाकडाला मीटर नसतो." त्याच्या नोंदी आल्यावर उतारावरची घरं बरीचशी ओळीत बसली.

उरली एक वसाहत. 1950 च्या दशकातली, टेकडीमागे, लहान लहान सुट्या घरांची. इथल्या रस्त्यांना ब्रेस्लाउ, क्योनिग्सबेर्ग अशी नावं आहेत, युद्धानंतर जर्मनीच्या हातून गेलेल्या गावांची. तिकडून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनी ही घरं उभारली. आपल्याकडे फाळणीनंतर सिंधी बांधवांचं उल्हासनगर वसलं, तसंच. इथे फट नव्हती, लाकडाच्या शेगड्या मोजक्या होत्या, हिशेब तपासून झाला होता. तरी कितीतरी घरांत गॅस मॉडेलच्या निम्म्याहूनही कमी. माझ्या वरिष्ठांनी सांगितलं, की या वर्गाला एक दुरुस्ती-गुणक लाव, म्हणजे आकडा प्रत्यक्ष खपाइतका खाली आण, आणि पुढे चल. तसं सगळेच करतात आणि त्याला आधारही आहे. केंब्रिजचे मिना सुनिक्का-ब्लांक आणि रे गॅल्विन यांनी 2012 साली जर्मन घरांच्याच आकड्यांवरून दाखवलं होतं, की माणसं गणितापेक्षा सरासरी तीस टक्के कमी ऊर्जा वापरतात, आणि घर जितकं वाईट तितकी ही तफावत मोठी. मी तो निबंध वाचला होता. गुणक लावायला पाच मिनिटं लागली असती.

पण गावच्या साप्ताहिक सूचनापत्रात आम्ही आवाहन केलं होतं, की घर आतून बघू देणारे कुणी असतील तर कळवा, आणि त्या वसाहतीतून एका आजींचा फोन आला होता. म्हणून जानेवारीत त्यांच्याकडे गेले.

1954 चं घर, पंचाण्णव चौरस मीटर. भिंत वाजवली, बोटं दुखली. खिडकीच्या पट्टीवर 93 साल. आजींनी दार उघडलं तेव्हा अंगात दोन स्वेटर, पायांत लोकरी मोजे, आणि जिन्यात त्यांच्या तोंडातून वाफ निघताना दिसली. चहा स्वयंपाकघरात झाला, कारण तापवलेली खोली तेवढीच. दाराच्या तळाशी वाळू भरलेली कापडी गुंडाळी लावून ठेवलेली, वारा येऊ नये म्हणून. तिथे माझ्या तापमापकाने 17 दाखवले. दिवाणखान्यात 12, झोपायच्या खोलीत 10. माझ्या मॉडेलमध्ये या सगळ्या खोल्या 20 अंशांवर होत्या.

मी मीटरबद्दल विचारलं, तर त्यांनी खणातून चौकटीच्या कागदाची वही काढली. घरात गॅस आला तेव्हापासून त्यांचे यजमान दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा लिहायचे. ते गेल्यावर आजींनी लिहिणं सुरू ठेवलं. वरच्या पानांवर पुरुषी, टोकदार अक्षर. 2014 पासून पुढे गोल आणि जरा थरथरतं. मी तिथेच टेबलाशी बसून वर्षांच्या बेरजा केल्या. 1993 नंतर, मुलं घरात होती तेव्हा, वर्षाला चोवीसशे घनमीटरच्या आसपास. एका घनमीटर गॅसला साधारण दहा युनिट धरले आणि त्यातून बॉयलरमध्ये वाया जाणारी ऊर्जा आणि अंघोळीचं पाणी वजा केलं, तर साधारण अठरा हजार युनिट. माझ्या मॉडेलने या घराला काढलेला आकडाही अठरा हजारांचाच होता.

मी तो आकडा दोनदा तपासला. मॉडेल घराबद्दल चुकलेलं नव्हतं. घर तेवढंच मागत होतं. मुलं गेली तशा वरच्या दोन खोल्या बंद झाल्या, यजमान गेले तसा दिवाणखाना, आणि 2022 सालची बेरीज आली आठशे घनमीटर. त्याच भिंती, त्याच खिडक्या, आणि ऊब तिसऱ्या हिश्श्यावर आलेली.

आजींनी मला विचारलं, "नगरपालिकेच्या नकाशात आमची गल्ली कुठल्या रंगात आहे?"

नकाशा घराघराचा नव्हे, आळीआळीचा जाहीर होणार होता, पण कच्चा आराखडा सभागृहात लावला होता. मी म्हणाले, "गडद तांबडा."

"म्हणजे मी जास्त जाळते?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. अंगावरचा दुसरा स्वेटर नीट करत त्यांनी नुसतं विचारलं.

नकाशाच्या कोपऱ्यात मी मथळा दिला होता "ऊर्जेचा वापर". तो साफ चूक होता. तो घराच्या गरजेचा नकाशा होता, आणि ज्या बाईने वर्षानुवर्षं एका खोलीत दिवस काढले तिला तो उधळी ठरवत होता.

त्या रात्री सोलापूरला आईशी बोलताना मी हे सांगितलं. आई म्हणाली, "विडी कामगारांच्या घरकुलात बघ की. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात एक पंखा फिरतो, बिल येतं कमी. म्हणून काय त्यांना उकडत नाही?" मी तीन आठवडे जे शब्दांत पकडायला धडपडत होते, ते तिने पोळ्या लाटता लाटता सांगितलं. पुढे कधी आपल्या शहरांत घरं गार ठेवायला किती वीज लागेल याचे असे नकाशे होतील, तेव्हा ते करणाऱ्यांनी बिलावरून गरज ठरवू नये, हे मला मनापासून वाटतं.

कचेरीत यावरून बरीच ओढाताण झाली. वरिष्ठांचं म्हणणंही खोटं नव्हतं. सामाईक गरम पाण्याचे पाइप टाकायचे, तर रस्त्याच्या दर मीटरमागे वर्षाला किती उष्णता विकली जाईल यावर सगळं ठरतं. गरजेच्या आकड्यावर पाइप टाकले आणि लोकांनी तिसरा हिस्साच घेतला, तर जाडजूड पाइपातलं पाणी वाटेतच थंड होईल आणि त्याचा खर्च गाव भरेल. माझं म्हणणं उलट बाजूने होतं. गुणक लावून आकडा उतरवला, की त्या वसाहतीला पाइप परवडत नाही असा शिक्का बसणार. भिंतींचं इन्सुलेशन केलं तर बचत थोडीच, असंही दिसणार, कारण जे जाळलंच नाही ते वाचणार कुठून? म्हणजे जो थंडीत बसतो त्याचं घर दुरुस्तीच्या यादीत शेवटी. उद्या आजींच्या घरात लहान मुलांचं कुटुंब आलं आणि त्यांनी सगळ्या खोल्या उघडल्या, तर गुणकावर बेतलेला हीट पंप अपुरा पडेल. मी वहीतल्या बेरजांचा आलेख मांडला. बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी दोन्ही आकडे ठेवायचं ठरलं. पाइपांच्या हिशेबाला प्रत्यक्ष खप, आणि घरांच्या दुरुस्तीच्या हिशेबाला गरज. दोन्हींतली तफावत दाखवणारा तिसरा नकाशा मी केला होता, तो मात्र जाहीर झाला नाही, आणि ते योग्यच झालं. तो नकाशा म्हणजे गावात गरिबी आणि एकटेपणा कुठे राहतो त्याचा पत्ताच होता. तो भिंतीवर लावायची गोष्ट नव्हे. तो बंद पाकिटात घरदुरुस्तीचा सल्ला देणाऱ्यांकडे गेला, घरभेटी कुठून सुरू करायच्या ते ठरवण्यासाठी. माझ्या हाताखालून गेलेल्या कामांत तेवढं एक पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मार्चमध्ये पुन्हा आजींकडे गेले. सोबत नकाशाची नवी प्रत होती. रंग तोच, पण मथळा बदललेला: "घरांची उष्णतेची गरज". आजींनी चष्मा लावून तो वाचला, गल्लीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बरोबर. घर खादाड आहे."

रविवार होता. त्या आठवड्याचा आकडा अजून लिहायचा होता आणि तळघरात उतरायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. मी मोबाइलचा उजेड धरून खाली गेले, मीटर वाचला, वर येऊन वहीत तारखेपुढे तो लिहिला. गोल अक्षरांच्या ओळीखाली माझी ओळ.